बुडालेल्या पृष्ठभागावरचा सीमास्तर कसा मोजावा आणि घर्षणओढ कशी काढावी

ताटावर पिठाचा पातळ थर वाळून बसला की नळाची धार कितीही जोरात सोडली तरी तो सहजी निघत नाही, पण बोट फिरवले की लगेच निघतो. धारेचा वेग मोठा असला तरी ताटाला प्रत्यक्ष चिकटलेल्या पाण्याचा वेग शून्यच असतो, आणि तेथून वर जाताना तो टप्प्याटप्प्याने वाढत धारेच्या पूर्ण वेगाला पोहोचतो. वेग वाढण्याचा हा जो पातळ पट्टा, त्यालाच सीमास्तर म्हणतात. पाण्यात चालणारी होडी, कालव्यातील दरवाजा, पुलाचा खांब, हवेतील चेंडू अशा कोणत्याही बुडालेल्या वस्तूला द्रायूचा, म्हणजे द्रवाचा किंवा वायूचा, जो घर्षणविरोध होतो तो सगळा याच पट्ट्यातून पोहोचतो. लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही कल्पना मांडली. श्यानतेचा, म्हणजे द्रायूच्या अंगच्या चिकटपणाचा, विचार या पातळ पट्ट्यापुरता करावा आणि बाहेरचा प्रवाह श्यानताहीन मानावा, ही त्यांची विभागणी आजच्या सगळ्या हिशेबांच्या मुळाशी आहे.

पुढे दिलेली रीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत आणि होडीच्या तळाचा विचार करणाऱ्याला किनाऱ्यावर, दोघांनाही चालावी अशा बेताने लिहिली आहे. महाविद्यालयात ज्यांना लॅमिनार आणि टर्ब्युलंट म्हणतात त्या प्रवाहांना येथे अनुक्रमे स्तरीय, म्हणजे थराथराने शांतपणे सरकणारा, आणि संक्षोभी, म्हणजे घुसळत वाहणारा, असे म्हटले आहे.

आधी रेनल्ड्स अंक, मग सूत्र

कोणतेही सूत्र हातात घेण्यापूर्वी रेनल्ड्स अंक काढावा. वेगाला लांबीने गुणावे आणि शुद्धगतिक श्यानतेने, म्हणजे श्यानता भागिले घनता या राशीने, भागावे, एवढेच त्याचे गणित आहे. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याची शुद्धगतिक श्यानता सेकंदाला जवळजवळ १ चौरस मिलिमीटर असते, म्हणून वेग आणि लांबी मिलिमीटरमध्ये घेतल्यास दोहोंचा गुणाकार हाच रेनल्ड्स अंक होतो. ही सोय लक्षात ठेवली तर पुष्कळसे अंदाज तोंडी करता येतात. हवेसाठी हाच आकडा सुमारे १५ आहे, म्हणजे समान वेगाला आणि समान लांबीला हवेतील रेनल्ड्स अंक पाण्यातल्याच्या पंधराव्या भागाएवढा भरतो.

चुका होतात त्या गुणाकारात नव्हे, तर कोणता वेग आणि कोणती लांबी घ्यायची हे ठरवताना होतात. वेग घ्यायचा तो सीमास्तराच्या बाहेरचा, वस्तूच्या सापेक्ष असलेला. होडी प्रवाहाविरुद्ध चालली असेल तर जमिनीच्या सापेक्ष वेग घेऊन भागत नाही. लांबी मोजायची ती पृष्ठभागाच्या पुढच्या कडेपासून प्रवाहाच्या दिशेने. रुंदीचा तिच्याशी संबंध नाही. एकाच फळीवर पुढच्या कडेपासूनच्या प्रत्येक अंतराला वेगळा रेनल्ड्स अंक असतो आणि सबंध फळीचा म्हणून जो अंक सांगतात तो मागच्या कडेचा असतो.

सपाट फळीवर हा अंक सुमारे ५ लाखांच्या खाली असेल तोवर सीमास्तर स्तरीय मानावा आणि त्यापुढे संक्षोभी होत जाईल असे धरावे. ही सीमा दगडावरची रेघ नव्हे. अतिशय शांत प्रवाहाच्या पवनबोगद्यात स्तरीय सीमास्तर २८ लाखांपर्यंत टिकलेला आढळला आहे, आणि उलट पुढची कड खडबडीत असली किंवा येणारे पाणीच घुसळलेले असले तर तो ५ लाखांच्या पुष्कळ आधी मोडतो. हिशेबाला ५ लाख धरावेत, पण निकाल त्या एका आकड्यावर अवलंबून राहत असेल तर दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहावा.

स्तरीय सीमास्तराचे उदाहरण

समजा १ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असा पातळ, गुळगुळीत पत्रा २० अंशांच्या स्थिर पाण्यात त्याच्या लांबीच्या दिशेने सेकंदाला ०.३ मीटर वेगाने ओढला जात आहे. रेनल्ड्स अंक ३ लाख, म्हणजे प्रवाह शेवटपर्यंत स्तरीय. प्रांटल यांचे विद्यार्थी ब्लासियुस यांनी १९०८ साली या प्रकरणाचे जे उत्तर प्रसिद्ध केले त्यानुसार

जाडी = ५ × अंतर ÷ √रेनल्ड्स अंक
सरासरी घर्षणांक = १.३२८ ÷ √रेनल्ड्स अंक

३ लाखांचे वर्गमूळ ५४७.७ असल्यामुळे मागच्या कडेशी जाडी ९.१ मिलिमीटर आणि घर्षणांक ०.००२४२ येतो. घर्षणांकाला गतिक दाबाने, म्हणजे घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येणाऱ्या ४५ पास्कलने, आणि मग एका बाजूच्या अर्ध्या चौरस मीटरने गुणले की ०.०५४६ न्यूटन मिळतात. पत्र्याला दोन बाजू आहेत, म्हणून एकूण ओढ ०.१०९ न्यूटन, जेमतेम ११ ग्रॅम वजनाएवढी. उत्तरपत्रिकांत हटकून गाळला जाणारा घटक म्हणजे हा शेवटचा दोनने गुणाकार. होडीच्या तळाला मात्र पाणी एकाच बाजूने लागते, तेथे दोनने गुणणे ही तितकीच मोठी चूक ठरते.

आता या ९.१ मिलिमीटरच्या आत काय चालले आहे ते जवळून पाहू. मागच्या कडेशी, पत्र्याच्या सापेक्ष पाहिल्यास, पृष्ठभागापासून १ मिलिमीटरवर वेग बाहेरच्या वेगाच्या १८ टक्के असतो, ३ मिलिमीटरवर ५३ टक्के, ५ मिलिमीटरवर ८० टक्के, ७ मिलिमीटरवर ९४ टक्के आणि ९ मिलिमीटरवर ९९ टक्के. पृष्ठभागाजवळ चढ सरळ आणि तीव्र आहे, कडेला तो इतका मंदावतो की सीमास्तर नेमका कोठे संपला हे सांगणारी कोणतीही खूण प्रवाहात नसते. वेग ९९ टक्क्यांना पोहोचतो तेथे सीमास्तराची कड मानणे हा निव्वळ संकेत आहे, आणि जाडीच्या आकड्यावर फार विसंबू नये असे मी सांगतो ते याचसाठी.

मोजमाप करताना ही अडचण अंगावर येते. सीमास्तर पितो नळीने, म्हणजे समोरून येणाऱ्या प्रवाहाच्या दाबावरून वेग सांगणाऱ्या बारीक नळीने, मोजायचा ठरवला तर वरच्या वेगाला गतिक दाब ४५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या ४.६ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. ९९ आणि १०० टक्के वेगांतील फरक या स्तंभात एक दशांश मिलिमीटरहूनही कमी दिसेल, तो डोळ्यांनी वाचणे शक्य नाही. त्यामुळे ९९ टक्क्यांची जागा शोधण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी पृष्ठभागापासून दर मिलिमीटरला वेग नोंदवावा, प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या वेगाच्या मानाने किती तूट आहे ते काढावे आणि त्या तुटींची बेरीज करावी. पृष्ठभागावरची पूर्ण तूट आणि शेवटची नोंद तेवढ्या निम्म्याने धराव्यात. वर दिलेल्या वेगवाटपावर ही बेरीज केली तर सुमारे ३.१५ मिलिमीटर येते आणि ब्लासियुस यांच्या सूत्रावरून ३.१४. हिला विस्थापन जाडी म्हणतात, कारण बाहेरच्या प्रवाहाला पत्रा जणू तेवढ्याने जाड झाल्यासारखा भासतो. कडेजवळच्या एकदोन नोंदी थोड्या चुकल्या तरी तिच्यात फारसा फरक पडत नाही.

अशाच रीतीने प्रत्येक ठिकाणच्या तुटीला तेथील वेगाच्या प्रमाणाने गुणून बेरीज केली की संवेग जाडी मिळते. आपल्या पत्र्यावर ती १.२१ मिलिमीटर आहे. घनता, वेगाचा वर्ग, रुंदी आणि संवेग जाडी यांचा गुणाकार म्हणजे पुढच्या कडेपासून तेथवर झालेली एका बाजूची ओढ. तो करून पाहिल्यास ०.०५४५ न्यूटन येतात, म्हणजे घर्षणांकावरून काढलेलेच उत्तर. तेओडोर फॉन कार्मान यांनी १९२१ साली मांडलेले संवेगाचे समीकरण नेमके हेच सांगते. प्रयोगात या दोन वाटांनी आलेली उत्तरे जुळली नाहीत, तर आधी पितो नळीचे पृष्ठभागापासूनचे शून्य अंतर तपासावे. १ मिलिमीटर व्यासाची नळी पृष्ठभागाला टेकवली तरी तिचा मध्य अर्धा मिलिमीटर वर राहतो, आणि इतक्या पातळ सीमास्तरात अर्धा मिलिमीटर पुष्कळ होतो.

होडीचा तळ: संक्षोभी सीमास्तर

आता मोठ्या मापाकडे वळू. विल्यम फ्रूड यांनी १८७२ च्या सुमारास इंग्लंडमधील टॉर्की येथे स्वतः उभारलेल्या टाकीत वेगवेगळ्या लांबीच्या आणि वेगवेगळ्या पृष्ठांच्या फळ्या ओढून घर्षणाची मापे घेतली. जहाजाचा एकूण विरोध घर्षण आणि लाटा असा दोन भागांत तोडून पाहण्याची पद्धत तेथून सुरू झाली. सीमास्तर हा शब्द तेव्हा नव्हता, पण लांब फळीच्या मागच्या भागावर दर चौरस फुटाला घर्षण कमी भरते हे त्यांना दिसले होते.

समजा पाण्यातली लांबी १५ मीटर आणि भिजणारे क्षेत्रफळ ७० चौरस मीटर असलेली मासेमारीची यांत्रिक होडी सेकंदाला ४ मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेआठ नॉट वेगाने चालली आहे. कोकणकिनाऱ्याच्या उबदार समुद्राच्या पाण्याची शुद्धगतिक श्यानता सेकंदाला सुमारे ०.९ चौरस मिलिमीटर धरली तर रेनल्ड्स अंक ६ कोटी ६७ लाख येतो. ५ लाखांची सीमा पुढच्या टोकापासून अवघ्या ११ सेंटिमीटरवर ओलांडली जाते, म्हणजे १५ मीटरपैकी जवळजवळ सगळा तळ संक्षोभी सीमास्तराखाली आहे.

येथे बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळणारे सोपे सूत्र, ०.०७४ भागिले रेनल्ड्स अंकाचे पाचवे मूळ, वापरू नये. ते सुमारे १ कोटीपर्यंतच भरवशाचे आहे आणि येथे ०.००२०२ असे कमी उत्तर देते. त्याऐवजी आंतरराष्ट्रीय नौकाटाकी परिषदेने १९५७ साली ठरवलेले सूत्र घ्यावे: रेनल्ड्स अंकाचा १० या पायाचा लॉगॅरिथम घ्या, त्यातून २ वजा करा, वर्ग करा आणि ०.०७५ ला त्याने भागा. आपला लॉगॅरिथम ७.८२४, वजाबाकीनंतर ५.८२४, वर्ग ३३.९, म्हणून घर्षणांक ०.००२२१. गतिक दाब ८२०० पास्कल असल्याने घर्षणओढ १२७० न्यूटनच्या आसपास येते, आणि एवढ्या ओढीवर मात करायला सुमारे ५.१ किलोवॅट शक्ती लागते. होडी ढकलणाऱ्या पंख्यातील आणि त्याला फिरवणाऱ्या दंडातील नुकसान, लाटा उठवण्याचा विरोध आणि वारा यांत धरलेले नाहीत. इंजिन याच्या कितीतरी पट मोठे लागते.

जाडी काढायला गेलो तर एक सूत्र मागच्या टोकाशी १५ सेंटिमीटर सांगते आणि दुसरे १८. दोन्ही प्रचलित आहेत आणि दोन्हींच्या मागे वेगवाटपाची वेगवेगळी गृहीतके आहेत. घर्षणाच्या हिशेबाला यामुळे बाधा येत नाही. पंखा कोठे बसवावा किंवा पाण्याचा वेग मोजणारे उपकरण तळापासून किती बाहेर काढावे, हा प्रश्न असेल तेव्हा मोठा आकडा घ्यावा.

खडबडीतपणा कधी मोजायचा

संक्षोभी सीमास्तराच्या अगदी तळाशी एक अतिसूक्ष्म थर असतो, ज्यात श्यानतेचेच राज्य चालते. पृष्ठभागावरचे उंचवटे त्या थरात बुडालेले असतील तोवर प्रवाहाला ते जाणवत नाहीत आणि त्यातून डोके वर काढू लागले की ओढ वाढते. आपल्या होडीच्या मागच्या भागात स्थानिक घर्षणांक ०.००२०६ धरला, तर त्याच्या निम्म्याच्या वर्गमूळाने वेगाला गुणून घर्षणवेग सेकंदाला सुमारे ०.१३ मीटर मिळतो. शुद्धगतिक श्यानतेला या वेगाने भागले की ७ मायक्रोमीटर येतात, आणि सूक्ष्म थराची उंची याच्या साधारण ५ पट, म्हणजे ३५ मायक्रोमीटर. डोक्याचा केसही बहुधा याहून जाड असतो. याचा अर्थ नीट लावलेल्या रंगाचा ओघळसुद्धा या होडीला जाणवू शकतो. त्याच ७ मायक्रोमीटरच्या ७० पटींच्या, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे पृष्ठभाग पूर्ण खडबडीत समजावा. मग घर्षणांक रेनल्ड्स अंकावर अवलंबून न राहता फक्त लांबी आणि खडबडीतपणा यांच्या गुणोत्तरावर ठरतो.

तळावर शेवाळ आणि कवचधारी जीव यांचा असा थर बसला की त्याचा परिणाम १ मिलिमीटर वाळूच्या कणांएवढा आहे, असे धरू. १५ मीटरला १ मिलिमीटरने भागून १५ हजार, त्याचा लॉगॅरिथम ४.१७६. त्याला १.६२ ने गुणून १.८९ मिळवावेत, उत्तराचा अडीचावा घात करावा आणि १ ला त्याने भागावे. घर्षणांक ०.००४५४ येतो, म्हणजे गुळगुळीत तळाच्या दुपटीहून थोडा अधिक, आणि घर्षणासाठी लागणारी शक्ती १०.४ किलोवॅटवर जाते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून तळ खरवडण्याचे आणि रंगवण्याचे जे काम चालते, त्याचा डिझेलशी असलेला संबंध या एका भागाकारात दिसतो. येथे सावधगिरी एवढीच की १ मिलिमीटर ही कवचांची प्रत्यक्ष उंची नव्हे, तर तेवढीच ओढ देणाऱ्या वाळूच्या कणांचे माप आहे. कवचे विरळ आहेत की दाट, यावर दोहोंतले नाते बदलते, त्यामुळे पट्टीने उंची मोजून ती थेट सूत्रात घालू नये.

प्रतिकृतीवर प्रयोग करताना

याच होडीची दहाव्या हिश्शाची, दीड मीटर लांबीची प्रतिकृती टाकीत ओढायची असेल, तर लाटांचे प्रमाण जुळावे म्हणून वेग १० च्या वर्गमूळाने कमी करून सेकंदाला १.२६ मीटर ठेवतात. गोड्या पाण्यात रेनल्ड्स अंक जेमतेम १९ लाख होतो आणि स्तरीय भाग पुढच्या टोकापासून ४० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे लांबीच्या पावभागाहून पुढे पसरतो. मूळ होडीवर तो शेकडा एकापेक्षाही कमी होता. हा फरक तसाच ठेवला तर प्रतिकृतीची ओढ फसवी कमी भरते. म्हणून प्रतिकृतीच्या नाकाजवळ बारीक तार, वाळूची पट्टी किंवा छोट्या खुंट्यांची रांग चिकटवून सीमास्तर मुद्दाम संक्षोभी करतात. तार लावली की काम झाले असे समजू नये. तारेमागे रंगाचा धागा सोडून तो खरोखर विस्कटतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

सपाट फळीचा हिशेब कोठे थांबवावा

आतापर्यंतची सूत्रे बाहेरचा वेग लांबीभर सारखा आहे असे मानतात. पृष्ठभाग वळत जाऊन मागे निमुळता होतो तेथे बाहेरचा वेग उतरतो, दाब वाढतो आणि सीमास्तरातील आधीच मंद झालेले पाणी या चढत्या दाबापुढे टिकत नाही. ते थांबते, उलटे फिरते आणि सीमास्तर पृष्ठभागापासून सुटतो. त्यानंतर घर्षणओढ गौण ठरते आणि मागच्या भोवऱ्यांच्या पट्ट्यामुळे येणारी दाबाची ओढ प्रमुख होते.

सुटण्याची जागा स्तरीय सीमास्तरासाठी हाताने काढता येते. बाहेरच्या वेगाचा पाचवा घात पुढच्या कडेपासून इष्ट बिंदूपर्यंत बेरजेत घ्यावा, म्हणजे त्याचे समाकलन करावे, त्याला ०.४५ ने आणि शुद्धगतिक श्यानतेने गुणून तेथील वेगाच्या सहाव्या घाताने भागावे. हा झाला संवेग जाडीचा वर्ग. त्याला वेगाच्या उताराने, म्हणजे अंतरागणिक बाहेरच्या वेगात होणाऱ्या बदलाने, गुणून शुद्धगतिक श्यानतेने भागल्यावर उत्तर उणे ०.०९ ला पोहोचले की सीमास्तर तेथे सुटतो असे धरावे. थ्वेट्स यांची ही रीत साध्या, एकसारख्या उतरत्या वेगाला लावली तर वेग मूळच्या सुमारे १२ टक्क्यांनी कमी होताच सीमास्तर सुटतो असे दिसते, आणि अधिक अचूक गणितही हेच सांगते. स्तरीय सीमास्तर इतका नाजूक असतो. संक्षोभी सीमास्तरात बाहेरचे वेगवान पाणी सतत तळाशी आणले जाते, त्यामुळे तो बराच अधिक उतार सोसतो.

गुळगुळीत गोलावर स्तरीय सीमास्तर पुढच्या बिंदूपासून सुमारे ८० अंशांवरच सुटतो, संक्षोभी सुमारे १२० अंशांपर्यंत चिकटून राहतो. प्रांटल यांनी १९१४ साली गोलाभोवती तारेचे कडे बसवून ओढ कमी करून दाखवली, ती यामुळेच. घर्षण वाढवून एकूण ओढ कमी करण्याचा हा प्रकार प्रथम ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. क्रिकेटच्या नव्या चेंडूची शिवण हेच काम एका बाजूला करते. ताशी १०८ किलोमीटर वेगाला चेंडूचा रेनल्ड्स अंक सुमारे १ लाख ४४ हजार असतो. शिवणीच्या बाजूला सीमास्तर संक्षोभी होऊन उशिरा सुटतो, गुळगुळीत बाजूला स्तरीय राहून लवकर सुटतो, आणि चेंडू शिवणीच्या बाजूला वळतो.

कालव्याच्या किंवा पाटाच्या तळाला मात्र यांतले काहीच जसेच्या तसे लावू नये. तेथे सीमास्तर थोड्याच अंतरात पाण्याच्या वरच्या पृष्ठापर्यंत वाढून सगळी खोली व्यापतो, बाहेरचा असा मुक्त वेग उरतच नाही, आणि पुढच्या कडेपासूनच्या अंतराला अर्थ राहत नाही. अशा ठिकाणी लांबीऐवजी पाण्याची खोली हे माप धरून कालव्यांसाठी असलेली स्वतंत्र सूत्रे वापरावीत.